द्राक्षांची सावड

मराठी शेतीत सावड हा एक जुना शब्द आहे. आज तुझ्या रानात मी राबतो, परवा माझ्या रानात तू ये. रोख पैसा फिरत नाही, कागद होत नाही, पण कुणाच्या घरचे किती दिवस कुणाकडे येणं आहेत हे दोन्ही घरांना तोंडपाठ असतं. त्याच कुळातला दुसरा शब्द इर्जिक. अडलेल्याच्या शेतात गावाने आपापली औतं घेऊन उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं आणि त्याच्या घरी जेवून उठायचं. इर्जिकीत मदत आहे, सावडीत देणंघेणं आहे. युरोपात द्राक्षांच्या काढणीला शहरातली माणसं कात्री घेऊन बागेत जातात आणि सहकारी संस्थेच्या टाकीत त्या द्राक्षांची वाइन होते, हे वाचलं की आपल्याकडे तिसराच प्रकार डोळ्यांपुढे येतो, तो म्हणजे सहल. गाडी काढायची, बागेत फोटो काढायचे, हुरड्यासारखी द्राक्षं खायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकला नावं ठेवत परतायचं. या लेखाचं म्हणणं असं की, पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा कारखानी पट्टा आणि त्याच रस्त्यावरची जुन्नरची द्राक्षं यांच्यात वाइनचा सहकार उभा राहू शकतो. मात्र तो सहलीतून उभा राहणार नाही. सावडीतून राहील.

आधी भूगोल पाहू. पुणे-नाशिक रस्ता भोसरी, मोशीवरून चाकणला येतो. तिथून राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून नारायणगावला पोचतो. चाकणपासून नारायणगाव साधारण ४५ किलोमीटरवर आहे. एका टोकाला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने, दुसऱ्या टोकाला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला बागायती जुन्नर. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणं या भागाची उभारी आहेत. पुष्कळांच्या ध्यानात नसतं की, महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नव्हे, याच रस्त्यावर झाली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला शॅम्पेन इंडेज उभी केली. फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने तिथे तयार झालेली फेसाळती वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली गेली. जुन्नरच्या मातीत पिकलेलं द्राक्ष लंडनच्या टेबलावर गेलं, तेव्हा नाशिकमधल्या आजच्या नावाजलेल्या वाइनरींचा जन्मही व्हायचा होता. पुढे कंपनी फार झपाट्याने पसरली, कर्जाचं ओझं वाढलं आणि २०१० च्या आसपास तिचा डोलारा कोसळला. बागा आणि टाक्या होत्या, पण ज्या मालकीवर हे सगळं उभं होतं ती एका कंपनीची होती. ती बुडाली तेव्हा परिसराकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नाही.

ही एका कंपनीची कहाणी म्हणून सोडून देता आली असती, पण तोच धडा त्याच सुमारास साऱ्या राज्याला मिळाला. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क ठरले. वाइनची द्राक्षं लावा, माल घ्यायला वाइनरी उभ्या आहेत, असं वातावरण तयार झालं. शेतकऱ्यांनी कॅबर्ने, शिराझ, शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक अशा जाती लावल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, वर्षअखेरीस मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनची मागणी घसरली. टाक्या भरलेल्या असताना वाइनरींनी नवी द्राक्षं घेतली नाहीत. खायचं द्राक्ष असतं तर शेतकऱ्याने ते मिळेल त्या भावाने बाजारात नेलं असतं, नाहीतर बेदाण्याच्या शेडवर टाकलं असतं. वाइनच्या द्राक्षाला हा दुसरा रस्ताच नसतो. अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

हा दुसरा रस्ता का नसतो, हे समजण्यासाठी मणी हातात घेऊन पाहिला पाहिजे. आपण खातो तो थॉमसन किंवा सोनाकाचा मणी लांबट, फुगीर, पातळ सालीचा आणि बिनबियांचा असतो. त्याला तसा आकार यावा म्हणून घड विरळले जातात आणि जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवले जातात. वाइनचा मणी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, जाड सालीचा आणि बियांचा. रंग, तुरटपणा आणि वास देणारा ऐवज सालीत असतो, म्हणून गर कमी आणि साल जास्त हेच तिथे हवं असतं. तोंडात टाकला तर गोड लागतो खरा, पण दाताखाली बी येते, साल चघळत राहावी लागते. मंडईतलं कुठलंही गिऱ्हाईक तो दुसऱ्यांदा घेणार नाही. शिवाय तो थांबत नाही. गोडी मोजण्याच्या ब्रिक्सच्या मापात २२ ते २४ चा आकडा आला की थोड्या दिवसांत तोडणी व्हायला हवी, नाहीतर आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव होते. म्हणजे विकणाऱ्याला घाई, घेणाऱ्याला सवड, आणि घेणारेही दोन-चारच. अशा सौद्यात भाव कोण ठरवणार हे सांगायला अर्थशास्त्र नको. वाइनच्या धंद्यात ज्याची टाकी त्याची सत्ता. म्हणून प्रश्न शेतकऱ्याला चांगला दर द्या असं विनवण्याचा नाही. टाकीत त्याचा वाटा आहे की नाही, हा प्रश्न आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिणेतल्या छोट्या शेतकऱ्यांनी नेमका हाच प्रश्न सोडवायला घेतला होता. लांगडॉक प्रांतात तेव्हा वाइनचा सुकाळ होता आणि भाव कोसळले होते. १९०७ मध्ये तर तिथे लाखो माणसं रस्त्यावर आली, लष्कर बोलवावं लागलं. त्याआधी काही वर्षं, १९०१ मध्ये, मारोसाँ नावाच्या गावातल्या छोट्या बागाईतदारांनी एकत्र येऊन संस्था काढली. नाव ठेवलं ‘मुक्त द्राक्षउत्पादक’. १९०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीचं सामाईक वाइनघर बांधलं. त्या काळचे समाजवादी नेते जाँ जोरेस ते मुद्दाम पाहायला गेले होते. पण वाइनघर बांधणं हा अर्धाच भाग. त्यांची वाइन घेणारं गिऱ्हाईक कोण होतं, हे जास्त महत्त्वाचं आहे. ते होतं पॅरिसच्या कामगारांची ग्राहक सहकारी भांडारं. गावातल्या उत्पादकांची संस्था आणि शहरातल्या कारखान्यांत राबणाऱ्यांची संस्था यांनी मधला दलाल गाळून एकमेकांशी थेट व्यवहार केला. मारोसाँच्या जागी जुन्नर आणि पॅरिसच्या जागी भोसरी-चाकण ठेवून पाहा. त्यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर होतं, आपल्याकडे दीड-दोन तासांचं आहे. तेही वाहतूक कोंडीसकट.

यावर पहिली शंका अशी येईल की, ते युरोपातलं, आपल्याकडची माणसं एकत्र येत नाहीत. निदान द्राक्षाच्या बाबतीत ही शंका इतिहासाशी जुळत नाही. महाराष्ट्राचं द्राक्षच मुळी एकमेकांच्या बागांत जाऊन शिकलेल्या शेतकऱ्यांनी घडवलेलं आहे. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला, तेव्हा तासगाव परिसरातल्या बागाईतदारांनी शेतालाच प्रयोगशाळा मानलं. पानांचा हिशोब, काडीवरचे डोळे, मुळांची वाढ यांची टिपणं ठेवून ती एकमेकांपुढे मांडली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिली. ही निवड सरकारी केंद्रात नव्हे, बांधावर झाली. पुण्यात मुख्यालय असलेला राज्य द्राक्ष बागाईतदार संघ सहा दशकं हेच काम मोठ्या पातळीवर करतो आहे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि छोट्या बागाईतदाराचा घड युरोपच्या दुकानात पोचवला. गेल्या दशकात मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षनिर्यातीत देशात आघाडीवर आली. एकत्र येण्याची सवय, हिशोबाची शिस्त आणि परदेशी खरेदीदाराची तपासणी झेलण्याची तयारी, हे सगळं इथे आहे. हा सहकार टेबलावरच्या द्राक्षापाशी थांबला आणि वाइन कंपन्यांच्या हाती राहिली, एवढंच.

आता शहराकडे वळू. पिंपरीची औद्योगिक ओळख गाड्यांची असली, तरी तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक आंबवण्याचा होता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मोठमोठ्या बंद टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढलं जाई. टाकीचं तापमान राखणं, नको तो जंतू आत शिरू न देणं, नमुना काढून रोज तपासणं ही विद्या या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे. दापोडीला दूध आणि अन्नप्रक्रियेची यंत्रं बनली, भोसरीच्या गाळ्यांत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या वळणारे आणि वेल्डिंग करणारे हात आहेत. याच जिल्ह्यातल्या ‘प्राज’ने जगभर डिस्टिलरी आणि ब्रुअरीचे प्रकल्प उभे केले. संघटनेचं म्हणाल, तर इथे कारखान्यागणिक कामगारांची सहकारी पतसंस्था सापडेल. दरमहा पगारातून कपात, वर्षाला लाभांश, दिवाळीला भेटवस्तू आणि निवडणुकीला चुरस, हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. आणि ग्राहकांनी पगाराविना राबून मोठी संस्था चालवण्याचं उदाहरण हवं असेल, तर १९७५ पासून चालू असलेली मुंबई ग्राहक पंचायत आहे. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याचं सामान एकत्र मागवतात, आलेला माल कुणाच्या तरी घरी किंवा सोसायटीच्या आवारात उतरतो आणि सभासदच तो मोजून वाटतात. ‘स्वयंसेवी सहकार’ हा परका शब्द नाही. तूरडाळीच्या वाटपात तो आपण रुजवलेला आहे.

मग स्वयंसेवकाने बागेत नेमकं काय करायचं? इथे खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांतला फरक पुन्हा उपयोगी पडतो. निर्यातीचा घड तोडणं हे नवख्याचं कामच नव्हे. देठाला धरून घड उचलायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर मण्यावरचा नैसर्गिक मेणाचा थर पुसला जातो आणि डाग दिसतो. खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचे, घड वजनानुसार पेटीत बसवायचे. एका हलगर्जीपणाने पेटी नाकारली जाते. वाइनच्या घडाला हे कौतुक लागत नाही, कारण तो संध्याकाळपर्यंत फुटणारच असतो. त्याला लागतं ते वेगळंच. तोडणी उन्हं चढायच्या आत, पहाटेच्या गारव्यात उरकली पाहिजे, कारण तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. कुजका, बुरशी आलेला घड जागीच बाजूला काढला पाहिजे. आणि एका प्लॉटची तोडणी एका दमात व्हायला हवी. थोडक्यात, कौशल्य कमी लागतं, माणसं पुष्कळ लागतात आणि तीही वर्षातून दोन-तीन सकाळींसाठी. फेब्रुवारीतल्या रविवारी पहाटे पाचला भोसरीहून निघालेल्या दोन बस हे काम नऊच्या आत उरकू शकतात. त्यानंतर क्रशरमध्ये देठ वेगळे होऊन मणी फुटतात. लाल वाइनचा रस सालींसकट टाकीत जातो, यीस्ट टाकलं की दुसऱ्या दिवशी आतून खदखद सुरू होते आणि वर आलेल्या वायूने साली तरंगून त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरच्या सालींना आंबूस वास सुटतो. हे काम मात्र प्रशिक्षित माणसाचं. बंद खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड जीवघेणा ठरू शकतो. तेव्हा स्वयंसेवकाची जागा बागेत आणि लेबल लावण्याच्या टेबलावर आहे, टाकीवर नाही.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. हौशी माणसं फुकट राबायला आली तर मजुरांच्या पोटावर पाय येणार नाही का? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून माणसं पूर्वेच्या बागायती भागात मजुरीला येतात. त्यांचा रोजगार अशा दोन-चार महिन्यांवरच उभा असतो. म्हणून सहकाराचा पहिला नियम असा हवा की, स्वयंसेवकाचा दिवस मजुराच्या दिवसाऐवजी नाही, त्याच्या जोडीने. वेलीचं वर्ष तोडणीच्या सकाळीपुरतं नसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग फुटी काढणं, बांधणी, शेंडे मारणं, डावणी आणि भुरी या रोगांवर डोळा ठेवणं, हे सगळं जाणत्या हातांचं काम आहे आणि त्या हातांना पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. पुढे जाऊन या मजुरांना संस्थेचे सभासद करून घेता आलं, तर सहकाराला खरा अर्थ येईल. बागाईतदार मालक, कामगार ग्राहक आणि मजूर मात्र बांधावर उभा, अशी रचना सहकाराच्या नावाला शोभणार नाही. स्वयंसेवकाचे श्रम मग कशासाठी? मजुरी वाचवण्यासाठी नाही, ओळख होण्यासाठी. ज्याने एक सकाळ कुजके घड वेचले, तो पुढच्या वर्षी पाऊस झाला की नुकसानीची बातमी वेगळ्या नजरेने वाचतो. त्या नजरेला पुढे पैशाची किंमत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

तिसरा अडथळा कायद्याचा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरच्या बरणीत द्राक्षं, साखर आणि यीस्ट घालून वाइन करणं हासुद्धा. म्हणजे सोसायटीच्या तळघरात मिळून वाइन करू, ही कल्पना इथे पहिल्याच दिवशी संपते. ती संपवावीच, कारण विषारी दारूने माणसं दगावल्याच्या कहाण्या या राज्याने कमी पाहिलेल्या नाहीत. कायद्यात राहून जो मार्ग निघतो तो असा. बागाईतदारांनी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी काढायची, २००२ च्या कायदादुरुस्तीपासून हा दुसरा पर्यायही खुला आहे. सुरुवातीला स्वतःची वाइनरी न बांधता, परवाना असलेल्या आणि हंगामात टाक्या रिकाम्या राहणाऱ्या वाइनरीशी करार करून तिच्याकडून वाइन करून घ्यायची. साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायला जे भांडवल लागतं, त्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य. शहरातल्या सभासदांची वेगळी संस्था असावी आणि बाटली कर भरून, लेबल लावून, परवान्याच्या दुकानातूनच सभासदाच्या हाती यावी. रोमांच थोडा कमी होईल, पण संस्था टिकेल.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो हिशोबाचा नाही, श्रद्धेचा आहे. या पट्ट्याच्या एका बाजूला देहू आहे, दुसऱ्या बाजूला आळंदी. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस इथे कारखान्यात सुपरवायझर असतो आणि बागेत मालकही. गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’चं मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली, ती हौसेने नव्हे. नवऱ्याच्या पगाराचं काय होतं ते घरात पाहून. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय केला, तेव्हा अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा तेव्हाचा युक्तिवाद खरा नव्हता. तिच्यातही बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं आणि जास्त प्यायल्यास ती नुकसानच करते. प्रामाणिक उत्तर वेगळं आहे. महाराष्ट्राचा सहकार मद्यापासून कधीच दूर नव्हता. अनेक सहकारी साखर कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेल्या आहेत आणि काहींनी देशी दारूही बनवली आहे. तिथे सभासदाला मळीच्या भावाशी देणंघेणं असतं, ती बाटली कुणाच्या घरी फुटते याच्याशी नसतं. वाइनच्या सहकारात खप वाढवण्याचं वेडच नसावं. सभासदाला ठरलेल्याच बाटल्या, जाहिरात नाही, किराणा दुकान नाही, आणि माळकरी सभासदासाठी त्याच भागावर द्राक्षरस. ही शेवटची सोय कल्पनेतली नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ‘मांजरी मेडिका’ ही रसासाठीची जात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची ‘एआरआय-५१६’ रसालाही चालते, लाल वाइनलाही, आणि बुरशीला दाद देत नसल्याने तिला फवारण्या कमी लागतात. एकाच बागेतून रसाची आणि वाइनची बाटली निघू शकते. कोणती घ्यायची ते घरोघर ठरेल.

पाचवा आक्षेप ज्याला सहकाराचा अनुभव आहे तोच घेईल. संस्था निघते सगळ्यांची आणि होते एका घराण्याची. कारखाने आजारी पडले, कवडीमोलाने विकले गेले, पतसंस्थांच्या ठेवी अडकल्या. हे सगळं घडलेलं आहे आणि ते झाकून पुढे जाता येत नाही. पण पडझड कुठे झाली ते पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी एक समान गोष्ट दिसते. सभासद हजारोंनी होते आणि त्यांचा संस्थेशी संबंध वर्षातून एका चिठ्ठीपुरता उरला होता. मोठेपणा हीच तिथली कमजोरी होती. म्हणून आकडा मांडून पाहू. समजा, पट्ट्यातली पाचशे कुटुंबं सभासद झाली आणि प्रत्येकाने महिन्याला एक बाटली घेतली. वर्षाला सहा हजार बाटल्या, म्हणजे साडेचार हजार लिटर. एक टन द्राक्षांतून सहाशे-सातशे लिटर वाइन निघते, तेव्हा लागतील सुमारे सात टन द्राक्षं. दर्जा राखण्यासाठी एकरी तीन-चार टनांवर पीक ठेवलं, तर हा माल दोन एकरांत निघतो. फक्त दोन एकर! याने जुन्नरची शेती तरणार नाही, असं म्हणणाऱ्याचं बरोबरच आहे. पण एवढ्या आकाराच्या संस्थेत अध्यक्ष सभासदांना नावाने ओळखतो आणि हिशोबाचा कागद एका पानात मावतो. ती बुडाली तरी गाव बुडत नाही. आणि टिकली, तर तिच्यासारख्या दहा निघू शकतात. एकच संस्था दहापट फुगवण्यापेक्षा ते बरं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि सावड शब्दाची खरी कसोटी तिथेच आहे. ग्राहकाने बाटली हातात आल्यावर पैसे दिले, तर तो गिऱ्हाईकच राहिला. मग श्रमदानाची सकाळ ही सहलच. वाइनची बाग लावल्यापासून पहिलं चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात, त्यानंतर वाइन टाकीत मुरते, आणि या सगळ्या काळात छाटणी, फवारणी, मजुरी यांचा खर्च बागाईतदाराच्या खिशातून जात असतो. म्हणून सभासदाने पैसे द्यायचे ते ऑक्टोबरात, फळछाटणीच्या वेळी. तेव्हा वेलीवर घड नसतो, नुसती काडी असते. पाऊस कसा होईल, डावणी किती येईल, मार्चमध्ये गारा पडतील की नाही, हे कुणालाच माहीत नसतं. त्या वेळी दिलेला पैसा हा पीककर्जाला पर्याय असतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो जोखमीतला वाटा असतो. बागाईतदाराच्या बाजूनेही सावड पाळली गेली पाहिजे. चांगलं पीक आलं आणि बाजारात भाव तेजीत असला, तरी सभासदांचा ठरलेला माल आधी काढून द्यायचा. सहकार मोडतो तो बहुधा वाईट वर्षात नाही, तेजीच्या वर्षात, जेव्हा व्यापारी रोख घेऊन बांधावर उभा असतो.

वाईट वर्ष तर येणारच. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवेळी पावसाने द्राक्षपट्ट्याचं काय केलं, ते बागाईतदार विसरलेले नाहीत. अशा वेळी सहकार काय करू शकतो याचं एक उदाहरण जर्मनीत आहे. आर नदीच्या खोऱ्यात मायशॉस इथे १८६८ मध्ये बागाईतदारांनी स्थापन केलेली संस्था जगातल्या सर्वांत जुन्या वाइन सहकारी संस्थांपैकी मानली जाते. जुलै २०२१ मध्ये त्या खोऱ्यात महापूर आला, वाइनघरांत चिखल शिरला. मग देशभरातून अनोळखी माणसं फावडी घेऊन आली, तळघरं साफ केली आणि दोन महिन्यांनी काढणीलाही उतरली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता, तशाच ‘पुराची वाइन’ म्हणून लोकांनी पैसे मोजून नेल्या आणि त्यातून लाखो युरो उभे राहिले. चांगल्या बाटलीला गिऱ्हाईक कुठेही मिळतं. चिखलाच्या बाटलीला मात्र आपलं माणूसच लागतं. पिंपरी-चिंचवड आणि जुन्नर यांच्यात उद्या असं काही उभं राहिलं, तर फेब्रुवारीतल्या गोड सकाळी किती बस नारायणगावला पोचल्या, यावरून त्याची किंमत ठरवू नये. ज्या वर्षी घड वेलीवरच सडला आणि बाटली निघालीच नाही, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात किती सभासदांनी पुढच्या हंगामाचे पैसे भरले, तो आकडा पाहावा. सावडीत कुणाचे दिवस कुणाकडे येणं आहेत, ते त्या आकड्यात लिहिलेलं असेल.